हरेशची घाई आणि आईची पळी

वरमाला नवऱ्याच्या, हरेशच्या ताब्यात देऊन निशिगंधा साखरपुड्याला गेली, तिथंच घोळ झाला. लग्नातले हार वाळवून पारदर्शक रेझिनमध्ये जन्मभरासाठी बसवून द्यायचे, हा तिचा शिरवण्यातला घरगुती धंदा. हा हार नुकत्याच लग्न झालेल्या मनस्वीचा होता आणि दुसऱ्या दिवशी रात्री तिचं कॅनडाचं विमान होतं.

निशिगंधानं बजावून सांगितलं होतं. दोन भाग रेझिन, ते घट्ट करणारा एक भाग हार्डनर, थोडं थोडं कालवायचं, साच्यात ओतायचं आणि उद्यापर्यंत वाट बघायची. चिकट असेतो समोर बसून राहायचं, कारण माशी बसली तर तीही जन्मभरासाठी बसेल.

आता आली का पंचाईत! दुपारी गावच्या अंडरआर्म क्रिकेटची फायनल आणि पहिली ओव्हर हरेशची. हरेश न्हावा शेवा बंदरात कंटेनर रिकामे करून घेणारा माणूस. माणसं दुप्पट लावली की माल लवकर उतरतो, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. त्यानं आधी वाटीत नमुना केला आणि हार्डनर दुप्पट घातला.

बराच वेळ झाला तरी वाटीत आपला चिकट राडाच. हरेश चक्रावला. दुप्पट माणसं लावली, तर माल जागचा हलेना!

मग त्याला शाळेतलं आठवलं, उष्णतेनं क्रिया लवकर होते. त्यानं दोन्ही बाटल्या गच्चीवर उन्हात तापवल्या. या खेपेला माप अगदी बरोबर घेतलं, पण सगळा माल एकदमच आईच्या टोपात ओतला, आईच्याच पळीनं ढवळला आणि खेळायचे बूट शोधायला आत गेला.

इतक्यात आईनं, सुंदराबाईंनी हाक मारली.

"हरेश, गॅस त बंद हाय. मंग टोपातून धूर कशाला निघतं?"

तो धावत आला. रेझिन पिवळं पडून दगडासारखं झालं होतं, आत चिरा गेल्या होत्या आणि मधोमध पळी उभी. हार साच्यात तसाच कोरडा. जास्त घातलं तर अडलं आणि बरोबर घातलं तर उधळलं! हरेशला रडूच यायचं बाकी होतं. फायनल गेलीच, आता बायकोचं नावही जाणार.

निशिगंधा आली, बघितलं आणि म्हणाली, "हार्डनर जास्त झाला की मिश्रण चिकटच राहतं, आणि तापवून सगळं एकदम कालवलं की ते स्वतःच्याच उष्णतेनं उकळतं." सकाळी तिनं तुर्भ्याहून नव्या बाटल्या आणल्या, पण दिवसभराचं काम संध्याकाळपर्यंत कसं होणार?

मनस्वी आली. निशिगंधानं खाली मान घालून खरं ते सांगितलं. मनस्वीचं लक्ष मात्र ओट्यावरच्या ठोकळ्याकडे होतं. टोप कापून तो बाहेर काढला होता.

"ही पळी कुणाची?"

"माजी," सुंदराबाई म्हणाल्या. "कालपासून डाल वाटीनं वाढतंय."

मनस्वीनं पळीच्या दांड्यावरून बोट फिरवलं. "माझ्या आजीची अशीच होती. ती गेल्यावर मी ठेवून घेतलीय, आत्ता बॅगेतच आहे. हार आरामात करा, माझी आई घेऊन जाईल. पण त्या पळीचं आज निघायच्या आत असंच करून द्याल? अगदी असंच, या पिवळ्या रंगासकट, चिरांसकट."

निशिगंधानं दोन्ही नव्या बाटल्या उचलल्या आणि हरेशच्या हातात दिल्या.

"घ्या. करा घाई."

हरेश बाटल्या धरून उभाच राहिला. घाई कुठून सुरू करायची, तेच त्याला कळेना.