आज बोट बुडवूनच उठणार!

"आज बोट बुडवूनच उठणार!" तिनं सकाळीच जाहीर केलं.

"शंभर वर्षांपूर्वी बुडालेली बोट," नवरा बूट घालता घालता म्हणाला, "आपल्या घरात महिनाभर बुडतेच आहे!"

खोटं नव्हतं. त्या बोटीवरचा तो लांबलचक प्रेमाचा सिनेमा ती बाळाच्या झोपेएवढ्या तुकड्यांत बघत होती. भट्टीत कोळसा लोटणारा तो, कप्तानाची लाडकी लेक ती. दोघांचं जुळतं, बोट खडकावर आपटते आणि नेमकं इथंच बाळ भोकाड पसरतं! तो वाचतो की नाही, या काळजीनं तिला घास गोड लागेना.

दुपारी बाळ मांडीवर झोपलं. खडक जवळ आला. आवाज कमी करायला गेली आणि घाईत उलटंच बटण दाबलं. धडाड्! तिनं डोळे गच्च मिटले. उघडून बघते तर बाळ घोरतंय! लेकरू बापावर गेलेलं. जेवढा गोंधळ, तेवढी गाढ झोप.

मग काय! तिनं आवाज आणखी चढवला.

"दार उघडा! पाणी भरतंय! वाचवा!" बोटीवरची माणसं ओरडत होती.

हे खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकलं. "अगो बाई, पोरगी बुडाली!" म्हणत त्यांनी नळवाल्याला बोलावलं. त्यानं आधी अख्ख्या इमारतीचं पाणी तोडलं, मग दोघं धापा टाकत वर आले. बेलमध्ये बाळाचा मोजा कोंबलेला. त्यांनी दार बडवलं. सिनेमातही दारंच बडवत होते, तिला काय कळणार!

"अगं, बघतेस काय? मार उडी!" ती कप्तानाच्या लेकीवर खेकसली.

"उडी? बाळ घेऊन?" काकूंनी नळवाल्याला पुढं ढकललं. "फोड रे दार!"

कडी निखळली. हातात बादली घेऊन काकू, पाना उगारून नळवाला, आणि समोर डोळे पुसत बसलेली ती.

"कुठंय पाणी?"

तिनं पडद्याकडे बोट दाखवलं.

काकू बादली उपडी घालून तिच्यावरच बसल्या. नळवाला उंबऱ्यावर टेकला. बोट गेली. समुद्र शांत झाला. कोळसेवाल्याचा हात फळीवरून निसटू लागला... आणि त्या शांततेत बाळानं टाहो फोडला!

"श्श! बाहेर ने त्याला!" दोघं एकदम ओरडले.

स्वतःच्याच घरातून हाकललेली ती जिन्यात थोपटत राहिली. आतून असा हुंदक्यांचा कल्लोळ उठला, की बाळ पुन्हा गाढ! चवड्यांवर आत आली, तर पडद्यावर नावं सरकत होती.

"काकू, वाचला का हो तो?"

"सांगून मजा घालवू होय तुझी? बघ की सावकाश!"

संध्याकाळी इमारतीत थेंब नव्हता. नळवाला डोळे पुसत गेला तो पाणी सोडायचंच विसरला. सगळे बादल्या घेऊन तिच्या दारात. दाराला कडी नाहीच. तिनं नळवाल्याला फोन लावला.

"पाण्याचं मागाहून बघू. आधी सांगा, तो वाचला का?"

पलीकडून नुसता नाक शिंकरल्याचा आवाज आला.