परिचयपत्र बंद होईना

अंबरनाथ पूर्वेच्या त्या फ्लॅटमध्ये हरिचंद्र दिवसाला सरासरी साडेतीन वाक्यं बोलत. एक दूधवाल्याशी, दोन वॉचमनशी आणि अर्धं शौनकशी, कारण हैदराबादेतल्या या एकुलत्या मुलाला उरलेल्या अर्ध्यात मीटिंग लागे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. शौनकनं मागच्या खेपेला जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं आणि लिहायला स्वतःचा लाडका विम एडिटर, ज्यात सेव्ह करायलासुद्धा कमांड टाइप करावी लागते. म्हणाला, "कठीण आहे बाबा, पण डोकं चालू राहतं."

आज हरिचंद्रांनी डोकं चालवून त्यात एकच पान लिहिलं होतं: बदलापूरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या वधू-वर मेळाव्यासाठी स्वतःचं परिचयपत्र. टाइप केलेलंच हवं, सहाच्या आत ईमेल हवी. पाच वाजून गेले तरी पान सेव्हही होईना, बंदही होईना. शेवटी ज्याला कळू द्यायचं नव्हतं, त्यालाच फोन लावावा लागला.

"एस्केप दाबा. मग कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर."

"दाबलं रे. नुसतं टुंग टुंग करतंय."

"असं होणारच नाही! व्हिडिओ लावा, स्क्रीन दाखवा."

हरिचंद्रांनी स्क्रीनवर टॉवेल टाकला, खालची एक ओळ उघडी ठेवली आणि मगच कॅमेरा फिरवला.

"टॉवेल कशाला?"

"ऊन येतं."

"समोर टॉवर झाल्यापासून आपल्याकडे ऊन कुठे येतं, बाबा?" खालच्या ओळीत मराठी अक्षरं दिसताच शौनक एकदम ओरडला, "कीबोर्ड मराठीत ठेवलाय का? याला कमांड इंग्रजीतच लागते!"

"मराठीत लिहायचं तर मराठीतच ठेवणार ना?"

"मला तर तुम्ही नुसता अंगठा पाठवता. पानभर मराठी कोणाला लिहिताय? काय लफडं आहे?"

हरिचंद्रांनी टॉवेल आणखी खाली ओढला.

"थांबा, मीच आत येतो." इंटरनेटवरून लॅपटॉपच्या आत यायची सोय त्यानं आधीच करून ठेवली होती. दारातून येणं तेवढं दिवाळीवर ढकललं होतं.

हरिचंद्रांनी निरुपयोगी झालेला टॉवेल खांद्यावर घेतला. कर्सर आपोआप ओळीओळीनं उतरू लागला. 'वय: अठ्ठावन्न.' जरासा थबकला. 'स्वयंपाक: एकापुरता येतो.' 'अपेक्षा: बोलकी असावी.' इथे मात्र तो बराच वेळ लुकलुकत उभा राहिला. मग शेवटची ओळ: 'मुलगा एक. त्याला विचारलं आहे. त्याची हरकत नाही.'

ती ओळ एका फटक्यात नाहीशी झाली.

साडेपाच झाले होते. मेळावा गेला, हरिचंद्रांनी मनात म्हटलं, आणि बहुतेक मुलगाही.

तेवढ्यात रिकाम्या जागेवर अक्षरं उमटू लागली, अडखळत, पुसली जात, पुन्हा उमटत: 'मुलगा एक. त्याला विचारलं नाही. तरी हरकत नाही.'

"बाबा," शौनकचा आवाज आला, "अठ्ठावन्नचे खरे पासष्ट करू का?"

"तेवढं एक राहू दे रे," हरिचंद्र घाईघाईनं म्हणाले. "आधी सेव्ह कर."