मार्चबँक बंद पडत नाही

जगात बंद पडणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत आणि मग मार्चबँक आहे, असं डेरिक वॅगस्टाफ ज्याला त्याला सांगत असे. ज्याला त्याला म्हणजे दूधवाल्याला, चर्चमधल्या पाद्रीबाबांना आणि दाताचा डॉक्टर होता तोवर खुर्चीत तोंड वासून पडलेल्या पेशंटलासुद्धा. त्या अवस्थेत माणसाला वाद घालता येत नाही, हे डेरिकच्या पथ्यावर पडायचं.

"मार्चबँक बंद पडत नाही. थांबते." हे कंपनीचं ब्रीद. कंपनी स्वतः आमच्या आजोबांच्या काळातच बंद पडली, ही गोष्ट वेगळी. आमच्या क्लबात हा विषय कोणी काढत नाही.

क्लब म्हणजे डर्बीशायरच्या या डोंगराळ भागातल्या मार्चबँकवाल्यांचा क्लब. भिंतीवर सर ऑगस्टस मार्चबँक यांचं भलंमोठं तैलचित्र आहे. हॅगच्या चढणीवर गाडी उभी, तिचं बॉनेट बंद, शेजारी टेबल मांडलेलं, आणि सर ऑगस्टस चांदीच्या किटलीतून एका ड्यूकला चहा ओतताहेत. त्या दिवशी ड्यूकमहाराज गाडी पारखायला बसले होते. चढण अर्धी झाल्यावर सर ऑगस्टसनी गाडी उभी केली आणि म्हणाले, "हुजूर, एवढं सुंदर दृश्य सोडून पुढं जाणं बरं दिसत नाही." मग दुपारभर चहा झाला. इतरांच्या गाड्या नाइलाजानं थांबतात, ही मालकाच्या मर्जीनं थांबते, यावर ड्यूक खूश झाले आणि मार्चबँकचा दबदबा देशभर झाला. ती किटली अजून आमच्या काचेच्या कपाटात आहे. तिला हात लावायला हातमोजे घालावे लागतात.

अशा गाडीच्या क्लबाचा नियम कडकच असणार. दरवर्षी जूनमध्ये सगळ्या गाड्या हॅगची चढण चढून जुन्या कारखान्याच्या फाटकाशी जमतात, तिथं जेवण होतं आणि अध्यक्ष निवडला जातो. ज्याची गाडी दोरीला बांधून आली, त्याला वर्षभर कुठलंही पद नाही आणि जेवायला जागा स्वयंपाकघराच्या दाराशी.

डेरिकला अध्यक्ष व्हायचं होतं. आतापर्यंत तो नुसता इच्छुकच होता. यंदा मात्र त्याच्या बायकोनं, मॉरीननं, निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं.

"हे बघ डेरिक. अध्यक्ष झालास तर गाडी राहील. नाही झालास तर गाडी विकायची, आणि गॅरेजला काच लावून तिथं माझे टोमॅटो येतील."

"टोमॅटो? मार्चबँकच्या जागी?"

"ते दरवर्षी लाल तरी होतात. तू नुसताच इच्छुक राहतोस."

म्हणून डेरिकनं आठवडाभर गाडी घासली. दिवे घासले, दारं घासली, चाकांच्या तारा जुन्या दातांच्या ब्रशानं घासल्या. शेवटी आपलाच चेहरा बॉनेटमध्ये दिसू लागला तेव्हा तो थांबला, कारण चेहऱ्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. निघायच्या दिवशी त्यानं पांढरा सूट आणि पांढरे हातमोजे चढवले. डिकीत वेताची टोपली ठेवली: घडीचं टेबल, चिनी मातीचे कप, स्टोव्ह, काकडीची सँडविचेस, आल्याचा केक.

"तिथं जेवण आहे ना?" मॉरीन म्हणाली. "मग हे कशाला?"

"सर ऑगस्टस टोपलीशिवाय कधी बाहेर पडले नाहीत."

"त्यांच्याकडे ती उचलायला नोकर होते."

या गाडीच्या पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं 'भरलेली' याच जागी अडकलेला आहे. पेट्रोल किती आहे ते टाकीत काठी बुडवून बघायचं असतं, आणि काठी तेलकट असते. डेरिकनं काठीकडे पाहिलं, मग हातमोज्यांकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला.

हॅगची चढण अर्धी होईपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. दुसऱ्या वळणावर गाडीला एक उचकी लागली. मग दुसरी. मग ती गवताच्या कडेला जाऊन अगदी सभ्यपणे निपचित झाली.

"बंद पडली," मॉरीन म्हणाली.

"थांबली."

"बरं, थांबली. मग आता बॉनेट उघड आणि तिला चालायला सांग."

"मॉरीन, या चढणीवर उघडं बॉनेट खालच्या गावातून दिसतं. मागून सगळा क्लब येतोय. आणि सगळ्यांच्या पुढं प्लंकेट आहे!"

सिरिल प्लंकेट हा डेरिकचा प्रतिस्पर्धी. अंत्यविधीचा धंदा. त्याची लांबलचक काळी मार्चबँक आजवर एकदाही उशिरा पोचली नाही, अशी त्याची ख्याती होती. त्याच्या गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नव्हती हे खरं. आणि आता तीच काळी गाडी खालच्या वळणावर दिसू लागली.

डेरिकच्या डोळ्यांसमोर टोमॅटो आले, ओळीनं, लालबुंद. आणि त्याच्या हातांनी डोक्याला न विचारता डिकी उघडली. प्लंकेट येईपर्यंत टेबल मांडलं गेलं होतं, स्टोव्ह पेटला होता आणि डेरिक रिकामा कप हातात धरून समोरच्या दृश्याकडे पाहत होता. दृश्य म्हणजे चुन्याची खाण आणि पाठमोरी मेंढरं. वर बारीक पाऊस सुरू झाला होता.

प्लंकेटची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. काच खाली झाली.

"वॅगस्टाफ. काही अडचण?"

"छे हो. एवढं सुंदर दृश्य सोडून पुढं जाणं बरं दिसत नाही."

प्लंकेटनं खाणीकडे पाहिलं. मेंढरांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. डेरिकला वाटलं, संपलं सगळं. पण प्लंकेट चक्क खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "सर ऑगस्टससारखं. त्याच चढणीवर. वा, वॅगस्टाफ! एक कप मिळेल?"

आता पंचाईत अशी, की प्लंकेट असेपर्यंत बॉनेट उघडता येईना आणि आमच्याकडे पाहुण्याला 'आता निघा' असं म्हणायची सोय नाही. हवामानावर बोलत राहायचं आणि त्याला आपणहून सुचेल याची वाट पाहायची. प्लंकेटला काही सुचत नव्हतं. त्यानं दुसरा कप घेतला.

मॉरीननं नवऱ्याच्या कानाशी येऊन सांगितलं, "त्याची गाडी आपल्या किटलीसारखी शिट्टी वाजवते आहे."

"तो मार्चबँकचा मूळ आवाज आहे."

"आपल्या गाडीत नाही तो."

"मॉरीन, केक काप."

केक कापेपर्यंत आणखी तीन गाड्या आल्या. त्या गाड्यांना वाटलं, यंदा कार्यक्रमात बदल आहे. त्या थांबल्या. मागच्यांना वाटलं, पुढचे थांबलेत म्हणजे थांबायचं असतं. आमच्याकडे रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो आणि मग कशाची आहे ते विचारतो. बऱ्याचदा विचारतही नाही. बघता बघता चढणीच्या कडेला अख्खा क्लब उभा राहिला. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाच्या डिकीतून टोपली निघाली. घडीची टेबलं निघाली, छत्र्या निघाल्या, कोणी तर गालिचा अंथरला. जेवण वर कारखान्यात असताना या लोकांनी टोपल्या का आणल्या, हा प्रश्न मॉरीनला पडला. डेरिकला पडला नाही. त्याच्या अंगावर आनंदानं काटा आला होता.

कारण सगळे त्याचीच वाहवा करत होते. "मूळ परंपरा ही!" "काय कल्पना काढलीत!" शेवटी खजिनदारीणबाई मिसेस थ्रेल्फॉल गालिच्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्ष इथंच निवडू या. ज्या जागी सर ऑगस्टस थांबले, त्याच जागी. मी वॅगस्टाफ यांचं नाव सुचवते."

"अनुमोदन," प्लंकेट म्हणाला.

डेरिकला कानांवर विश्वास बसेना. सगळ्यांनी हातातले कप वर केले. तो अध्यक्ष झाला. टोमॅटो डोळ्यांसमोरून ओळीनं परत गेले. मॉरीननं त्याच्याकडे पाहून नाइलाजानं टाळ्या वाजवल्या.

"आता अध्यक्षांनी पुढं व्हावं," मिसेस थ्रेल्फॉल म्हणाल्या. "आम्ही मागून येतो."

डेरिकनं गाडीकडे पाहिलं. गाडी हलली नाही तर दोरी येणार आणि दोरी आली की पद जाणार. अध्यक्षपद एक कप चहाभरसुद्धा टिकणार नव्हतं.

"आधी," तो म्हणाला, "दोन शब्द."

आणि त्यानं मार्चबँकचा इतिहास सांगायला घेतला. पहिलं इंजिन, दुसरं इंजिन, पितळी दिव्यांवरून झालेला वाद, ड्यूक, ड्यूकची बहीण. एरवी डेरिकनं इतिहास काढला की लोक घड्याळं बघतात. आज कोणी हललं नाही. पाऊस वाढला तरी नाही. उलट तो दम घ्यायला थांबला की कोणीतरी लगबगीनं विचारायचं, "आणि मग तिसरं इंजिन?" इतका प्रेमळ श्रोतृवर्ग त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. पाचव्या इंजिनापाशी त्याचा आवाज बसला.

तेवढ्यात वरून एक चिखलानं माखलेली छोटी जीप दाणदाण उतरत आली. तिच्या खिडक्यांतून कुत्र्यांची तोंडं बाहेर आलेली आणि मधे मिस ऑनर मार्चबँक, सर ऑगस्टस यांची नात. वय नव्वदच्या पुढं, कानांवर टोपी, पायात रबरी बूट. वर फाटकाशी ताटकळून शेवटी त्या शोधायला निघाल्या होत्या.

"कोणाची बंद पडली रे?" त्यांनी विचारलं.

असा शब्द त्या घराण्याच्या तोंडून! कोणीतरी चमचा कपात ढवळला.

"कोणाचीच नाही, मिस मार्चबँक," डेरिक म्हणाला. "आम्ही दृश्य बघतोय. आपल्या आजोबांसारखं."

मिस ऑनर इतक्या हसल्या की कुत्री भुंकायला लागली. "अरे बाळा, आजोबांच्या गाडीतलं पाणी उकळून गेलं होतं इथं. ड्यूक केक खाऊन घोरत होता आणि आजोबा त्या किटलीनं ओढ्याचं पाणी आणून गाडीत ओतत होते. चहा त्यातच उरलेल्या पाण्याचा झाला. ड्यूक महिनाभर आजारी होता म्हणे."

आमची ती किटली. हातमोज्यांनी उचलायची. दरवर्षी अध्यक्ष तिच्यातून पहिला घोट घेतो.

मग प्लंकेटनं खाकरून घसा साफ केला. "माझ्या गाडीतलं पाणीही," तो हळूच म्हणाला, "जरा दृश्य बघतंय. खालच्या वळणापासून. वॅगस्टाफ, तुमचं टेबल दिसलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला."

"माझीही उकळली," मिसेस थ्रेल्फॉल म्हणाल्या. "दरवर्षी उकळते. एरवी मी फुलं बघते."

मग ज्याचा त्याचा कबुलीजबाब सुरू झाला. टोपल्या कशासाठी, ते मॉरीनला आता कळलं. सगळ्या क्लबाला या चढणीवर दरसाल निसर्गाची ओढ लागत होती, फक्त प्रत्येकाला वेगवेगळ्या वळणावर. यंदा डेरिकमुळे सर्वांना एकत्र थांबता आलं. त्यानं पाच इंजिनांचा इतिहास सांगितला तेवढ्या वेळात सगळ्या गाड्या निवल्याही होत्या. लोकांनी पाणी भरलं, कप आवरले, अध्यक्षांचे हात हातात घेतले. एकेक मार्चबँक खाकरली, गुरगुरली आणि रुबाबात वर निघून गेली.

"तुम्ही व्हा पुढं," डेरिक सर्वांना हात हलवत राहिला. "यजमान शेवटी निघतो."

शेवटी तो, मॉरीन, मिस ऑनर आणि कुत्री उरली. डेरिकनं हातमोजे काढले, बॉनेट उघडलं आणि आत पाहिलं. उकळलं काहीच नव्हतं. तुटलं काहीच नव्हतं. मिस ऑनरनी मागं जाऊन टाकीवर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"पेट्रोल," त्या म्हणाल्या, आणि जीपमधून दोरी काढली.

वरपर्यंतच्या वाटेत डेरिक समोरच्या दोरीकडे पाहत बसला. आपल्याला सगळ्यात चमकदार गाडी हवी होती, ती मिळाली होती. अध्यक्षपद हवं होतं, ते मिळालं होतं, आणि आता कुत्र्यांच्या जीपमागून दोरीनं फरफटत जाऊन सगळ्यांदेखत परत करायचं होतं. पांढऱ्या सुटात तो स्वतःला एखाद्या लग्नातून हाकललेल्या नवऱ्यासारखा वाटला.

कारखान्याचं फाटक आलं. आत गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि सगळा क्लब बाहेर जमला होता. डेरिकनं डोळे मिटून घेतले. हशा ऐकू येईना, म्हणून एक डोळा उघडला.

एकही तोंड त्याच्याकडे नव्हतं. आम्ही सगळे पाठ फिरवून, हात मागं बांधून, पावसात कारखान्याच्या ओल्या विटांच्या भिंतीकडे पाहत उभे होतो.

"काय सुंदर दृश्य आहे," प्लंकेटचा आवाज आला.

"अप्रतिम," मिसेस थ्रेल्फॉल म्हणाल्या.

मिस ऑनरनी दोरी सोडून जीपमध्ये टाकेपर्यंत कोणी मान वळवली नाही. डेरिकचे डोळे भरून आले. तो खाली उतरला, सूट सारखा केला आणि हळूच मॉरीनला म्हणाला, "बघितलंस? शेवटी मार्चबँक बंद पडली नाही. थांबली होती फक्त."

"थांबायचंच होतं," मॉरीन म्हणाली, "तर पेट्रोल पंपावर थांबायचं."