वेणूबाईंची जीभ

गेल्या होळीच्या पाच दिवस आधी मी आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या तेवीस लेकरांच्या गळ्यात मिठाचे हार घातले. मी शिक्षक आहे. हार घालून झाल्यावर टाळ्याही मीच वाजवल्या.

पण ही गोष्ट माझी नाही, वेणूबाईंची आहे. मी तिच्यात फक्त घोटाळा करण्यापुरता येतो.

वेणूबाई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. गाव सावली तालुक्यातलं. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एक मोठा तलाव, आणि एका आवारात शाळा नि अंगणवाडी. मी शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो आणि मोकळा वेळ मिळाला की अंगणवाडीत जाऊन मदत करतो. 'मदत' हा शब्द माझा. बाई त्याला 'सर आले' एवढंच म्हणतात, पण म्हणताना लेकरांना जरा मागे सरकवतात.

तर बाईंची सवय अशी, की अंगणवाडीत आलेली कुठलीही वस्तू त्या आधी चाटून पाहतात. खडू, रंगकांडी, साबण, नवी सतरंजी, चेंडू. "आधी माह्या तोंडात," असं म्हणायचं, जीभ लावायची, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. "तुरट हाये, चालते." "हे कडू जहर, वापस करा." एकदा वरून तपासणीला आलेल्या मॅडमनी लाकडी अक्षरांचा नवा संच आणला. बाईंनी त्यातला 'ज्ञ' उचलून चाटला. मॅडम म्हणाल्या, "बाई, हे शैक्षणिक साहित्य आहे."

"हो जी," बाई म्हणाल्या. "आता हेच त्या अडीच वर्षाच्याले समजावून सांगा."

मॅडमनी खाली पाहिलं. अडीच वर्षांचा 'ळ' चघळत होता.

दुसरी चाचणी वायसरची. मोटारपंपाच्या पायपातलं एक रबरी वायसर बाई दोरीत ओवून गळ्यात घालतात. जी वस्तू त्या वायसरातून आरपार जाते ती लेकराच्या नरड्यातही जाते, असं त्यांचं शास्त्र. चिंचोके, गोट्या, बटणं, घड्याळातले गोल सेल, सगळं जप्त. माझ्या सदऱ्याचं एक बटण सैल झालं होतं, ते त्यांनी मी सदरा घातलेला असताना दाताने तोडलं. बायकोला समजावताना मला फार त्रास झाला.

आणि एवढं करूनही एखाद्याने काही गिळलंच, तर बाई त्याच्या घरी जाऊन शांतपणे वर्दी देतात. "निळी कांडी खाल्लन आज. उद्या निळं येईन. भेऊ नको." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जातात. "आलं का?" आलं म्हटलं की मगच त्यांना चहा गोड लागतो.

मी एकदा विचारलं, "बाई, एवढं कशाला? पोरांच्या आया बघतील की."

"कोणत्या आया जी? अर्ध्या तिकडं तेलंगणात मिरची तोडून राह्यल्या. घरी आज्या. त्यायले दिसत नाई. मग माय इथी नाई तवा जीभ कोनाची? माही."

त्यांचं स्वतःचं म्हणाल तर नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा हैद्राबादकडे कामाला आहे, पोळ्याला येतो. आला तर.

मागच्या पावसाळ्यात बाईंना ताप आला. पंधरा दिवस घरीच होत्या. परत आल्या त्या थोड्या वाळून. त्यानंतर त्या वस्तू चाटायच्या तेव्हा डोळे जास्त वेळ मिटून ठेवायच्या. मला वाटलं, अनुभवाने माणूस खोल जातो. एकदा त्यांनी मला चहात साखरेऐवजी मीठ घालून दिलं. मी पूर्ण कप प्यालो. वाटलं, आपण काहीतरी बोललो असू.

आता माझ्याकडे येतो.

फेब्रुवारीत ब्रह्मपुरीला आमचं प्रशिक्षण झालं. एका उत्साही तरुणाने आम्हा चाळीस शिक्षकांना मातीकामाचा गोळा घरच्या घरी कसा करायचा ते शिकवलं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, थोडं तेल, पाणी, खायचा रंग. "संपूर्ण घरगुती, संपूर्ण बिनविषारी," तो म्हणाला. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मीठ कशाला, असं कुणीतरी विचारलं. बुरशी येऊ नये म्हणून, असं उत्तर मिळालं. बुरशीचा प्रश्न सुटला म्हणून आम्ही समोसे खायला गेलो.

घरी येऊन मी परातभर गोळा मळला. अर्धा पांढरा, अर्धा गुलाबी. डब्यात भरून बाईंकडे नेला.

"आधी माह्या तोंडात," बाई म्हणाल्या. नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाल्या, "कणिक हाये. चालते."

मी स्वतः चाखलं नाही. इतक्या मोठ्या अधिकाऱ्याची सही झाल्यावर कारकुनाने कशाला पाहायचं?

पोरांना गोळा द्यायचा, त्यांनी हत्ती-घोडे करायचे, असा साधा उपक्रम होता. पण मला कल्पकता आहे. मी घरी बसून त्या गोळ्याच्या चपट्या चकत्या केल्या, वायसरातून जाणार नाहीत एवढ्या मोठ्या. मध्ये भोक पाडलं, वर काडीने नक्षी काढली, दोन दिवस उन्हात वाळवल्या, आणि एक पांढरी एक गुलाबी अशा दोऱ्यात ओवून तेवीस हार केले.

आमच्याकडे होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या घालतात. पांढऱ्या-गुलाबी चकत्यांचा हार. लेकरू दिवसभर तो मिरवतं आणि मिरवता मिरवता खाऊन टाकतं. संध्याकाळपर्यंत गळ्यात नुसता ओला दोरा उरतो. हे मला माहीत आहे. मी आठवीपर्यंत गाठ्या खाल्ल्या आहेत. त्या दिवशी मात्र मला माझे हार पाहून फक्त 'सूक्ष्म स्नायूंचा विकास' आठवत होता.

हार घातले, टाळ्या वाजवल्या, आणि तेवीसही लेकरांनी एकदम पहिली चकती तोंडात घातली.

बावीस जणांनी तोंडं वाकडी केली, जीभ बाहेर काढली, थू थू केलं. मला वाटलं, हावभाव फार छान जमताहेत. एकटी चिमी शांतपणे चावत होती. चिमी तीन वर्षांची. आईबाप मिरचीला गेलेले, आजीजवळ राहते. मी मागाहून हिशेब लावला तो असा, की होळी जवळ आली होती, बाप गाठ्या घेऊन येणार होता, तो आला नव्हता, आणि आता गाठ्या आल्या होत्या. त्या कशाही लागल्या तरी ती सोडणार नव्हती. बाई दुसऱ्या पोरांची तोंडं पुसेपर्यंत तिच्या दोऱ्यावर एकच चकती उरली होती. पाच गेल्या होत्या.

थोड्या वेळाने चिमी पाणी मागू लागली. पाणी प्यायली, पुन्हा मागितलं. मग उलटी झाली. मग रडायची ती रडेना, नुसती बाईंच्या खांद्यावर मान टाकून पडली.

मी घाबरलो. घाबरलो की मला उपाय सुचतात. मी ओरडलो, "आणखी उलटी करवू! मिठाचं पाणी आणतो!" आणि स्वयंपाकाच्या खोलीतून मिठाची बरणी घेऊन धावत आलो.

बाई म्हणाल्या, "थांबा. त्या गोळ्यात काय काय टाकलं होतं?"

"मैदा, तेल, मीठ..."

"मीठ किती?"

"दोन वाट्या मैद्याला एक वाटी."

बाई माझ्या हातातल्या बरणीकडे पाहत राहिल्या.

"पोटात मीठ, नि वरून अजून मिठाचं पाणी पाजता?"

"पण ते बिनविषारी आहे, बाई. प्रशिक्षणात सांगितलंय."

"धामणही बिनविषारीच असते, सर. खाता का तिले?"

मी बरणी खाली ठेवली. आणि मग, मला अजून लाज वाटते ते वाक्य म्हणालो, "पण बाई, तुम्ही चाखलं होतं ना!"

बाई उठल्या. चिमीला कडेवर घेतलं, उरलेल्या चकतीचा हार आणि गोळ्याचा डबा पिशवीत टाकला, बाकीची लेकरं शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांच्या हवाली केली. "डॉक्टरले दाखवा लागते," एवढंच म्हणाल्या, आणि रस्त्यावर जाऊन काळीपिवळी जीपच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. जीपमध्ये बारा माणसं होती. आम्ही सोळा झालो, कारण चिमीची आजीही धावत आली. वाटेत बाई दर थोड्या वेळाने चिमीच्या गालाला बोट लावत. "चिमे, झोपू नको ना वं. पाह्य, म्हशी आल्या. पाह्य, तलाव आला." म्हशी नव्हत्या. तलाव मागे राहिला होता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हणालो, "शैक्षणिक उपक्रमांतर्गत हाताळावयाच्या साहित्यापैकी..."

"मिठाची कणिक," बाई म्हणाल्या. "यायनं बनवलन, नि मी पास केली. हा डबा. पाच चकत्या खाल्लन, एक उलटी झाली."

डॉक्टरांनी चकती हातात घेतली, मोडली, आणि मिठाचं प्रमाण ऐकून त्यांचा चेहरा बदलला. लगेच रक्त तपासायला घेतलं, सलाईन लावलं. ते जोडायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता पाठ केला. मग त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. दुकानातली खेळायची माती पोरं थोडीफार खातात, ती बहुधा बाहेर निघून जाते, घशात अडकली तर मात्र वाईट. घरच्या या गोळ्यात नुसतं मीठच भरलेलं असतं. एवढ्याशा जीवाच्या रक्तात ते एकदम चढलं की मेंदूवर जातं, झटके येतात, जीवही जातो. "नशीब, उलटी आपोआप झाली. आणि कोणी मिठाचं पाणी नाही पाजलं. लोक पाजतात हो!"

"कोण असे लोक असतात?" मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चिमीला रात्रभर ठेवून घ्यायचं ठरलं. आजी आत बसली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. मी दोन चहा आणले. बाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या,

"मले चव नाई लागत, सर."

मला वाटलं, चहाबद्दल बोलताहेत. म्हणालो, "दुसरा आणू?"

"कशाचीच नाई लागत. तो ताप आला तवापासून. नाकाले वास नाई, जिभेले चव नाई. साखर टाका का रेती टाका."

"मग इतके महिने तुम्ही..."

"आठवून सांगत होती जी. खडू तुरट, साबण कडू. वीस वर्षांची जीभ हाये, पाठ हाये सगळं. तुमचा तो गोळा नवा होता. आठवाले काहीच नव्हतं. दाताले कणकेसारखा लागला, म्हनून कणिक म्हटलं."

"पण कुणाला सांगायचं ना बाई! घरी तरी कुणाच्या लक्षात..."

"घरी कोन हाये? एकटीचं जेवण. खारट झालं काय, अळणी झालं काय, ताटावरून उठून भांडणारं कोनी पायजे ना." मग चिमीच्या खोलीच्या दाराकडे पाहत म्हणाल्या, "सांगतलं असतं तर म्हनले असते, आता या बाईचा काय उपयोग? म्हनून नाई सांगतलं."

मी तो खारट चहा आठवला. तेव्हा नुसतं तोंड वाकडं केलं असतं, तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी घरी आली. येताच तिने हार मागितला. होळीला तिला खऱ्या गाठ्यांचे दोन हार मिळाले, एक बाईंचा, एक माझा. माझा हार बाईंनी आजीसमोर मलाच एक गाठी खायला लावून मग दिला.

त्या आठवड्यात बाईंनी सगळ्या आया नि आज्या अंगणवाडीत बोलावल्या आणि उभं राहून सगळं सांगून टाकलं, जिभेचंही. मी मागे खांबाआड उभा होतो. मग चिमीची आजी म्हणाली, "बरं झालं सांगतलं. माही तं नजर गेली, ते मी कोनाले सांगतली?" आणि मग एकेक जण काय काय गेलं ते सांगू लागली. गुडघे, कान, दात. बैठक लांबली. बाईंचं काम बाईंकडेच राहिलं. हार घालणाऱ्याचं पुढे काय करायचं, हा विषयही निघाला होता, पण तो बाईंनी हाती घेतला.

तेव्हापासून रोज शाळा भरायच्या आधी मला अंगणवाडीत हजर व्हावं लागतं. खिचडी, खडू, रंग, जे काही आलं असेल ते बाई आधी स्वतःच्या जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात, काहीतरी अंदाज सांगतात आणि मग माझ्यापुढे करतात. माझं नि त्यांचं उत्तर जुळलं तर दिवसभर खूश असतात.

परवा हिरव्या रंगकांड्यांचा नवा डबा आला. बाईंनी एक चाटली. म्हणाल्या, "मले काहीच नाई लागलं. तुमी पाहा."

मी चाटली. मलाही काहीच लागलं नाही. मेणासारखं, बस.

"काहीच नाही लागत, बाई," मी म्हणालो.

"खरं सांगता का मन राखता?"

"खरंच. शपथ."

बाईंनी ती कांडी पदराने पुसून पुन्हा एकदा जिभेला लावली आणि हसल्या. "म्हंजे मले बरोबर लागलं." मग डब्यातल्या उरलेल्या अकरा कांड्या त्यांनी माझ्यापुढे ओळीने मांडल्या.

"बाई, एकाच डब्यातल्या आहेत," मी म्हणालो. "सगळ्या कशाला? एका मुद्द्याकडे तुमचं लक्ष वेधू इच्छितो, की शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर नमुना म्हणून..."

"सर," बाई म्हणाल्या, "आतापावतर तुमची जीभ नुसती बोल्याच्याच कामी आली. लेकरायच्या कामी पहिल्यांदा येऊन राह्यली, तं बंद ठेवा नि चाटा."