सिद्रामप्पांचे पाठकोरे कागद

मल्लिनाथने लोखंडी पेटी उघडली आणि तिथंच फतकल मारली. आत डांबरगोळ्या होत्या, कागद नव्हते.

वडिलांचे, म्हणजे लातूरचे दानशूर आडत व्यापारी सिद्रामप्पांचे, खासगी कागद त्याने वर्षभर खपून लावले होते. भूकंपात अप्पांनी धान्याचं गोदाम लोकांना मोकळं करून दिलं, तेव्हा गावोगावहून आलेली मदत मागणारी पत्रंही त्यात होती. नांदेडच्या संग्रहालयाचे फारूकभाई हे सगळे कागद आज न्यायला येणार होते. कागद देणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे दालनाला नाव लावायची त्यांची पद्धत होती. चौकाचौकात क्लासवाल्यांचे फलक झळकत असताना अप्पांचं नाव एकदा कुठंतरी लागावं आणि आपण सुटावं, एवढंच मल्लिनाथला हवं होतं.

"अव्वा, पेटीतले कागद कुठं हायेत?"

"पोरींला दिले की," शेंगा फोडता फोडता त्याची आई नीलाबाई म्हणाल्या. "गणितं करायला मागत होत्या. सगळे पाठकोरेच होते."

पोरी म्हणजे वरच्या मजल्यावर भाड्याने राहून डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. मल्लिनाथ जिन्याकडे निघाला.

"परत मागू नको. दिलेलं परत मागायचं न्हाई आपल्या घरात."

तो थांबला. दालनात लावायला अप्पांचं हेच वाक्य त्याने स्वतः निवडून दिलं होतं.

तेवढ्यात फारूकभाई आले. एसटीने त्यांची हाडं खिळखिळी झाली होती. सगळं ऐकून त्यांनी चहा संपवला आणि तोडगा काढला. कागद आता पोरींचे. त्यांनी राजीखुशीने दिले तर घ्यायला हरकत नाही.

मग ज्या घराण्यात कुणी हात पसरला नव्हता, त्यातला मल्लिनाथ वर जाऊन त्या पोरींपैकी बिलोलीच्या सृष्टीपुढे उभा राहिला. त्याला मनापासून लाज वाटली. पत्रं लिहिणाऱ्यांनाही अशीच वाटली असेल, हे वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं.

"घ्या की काका," सृष्टी म्हणाली. "पण उद्या टेस्ट हाय. मागची गणितं उतरवून घेऊ द्या."

दोघं दुपारभर जिन्यात बसले. फारूकभाई तर भिंतीला टेकून घोरले. शेवटी कागद घेऊन सृष्टी खाली घरात आली. फारूकभाईंनी पावती काढली, देणाऱ्याच्या जागी सृष्टीचं नाव लिहिलं आणि दालनाला कुणाचं नाव लावायचं ते तिला विचारलं. मल्लिनाथने अप्पांच्या फोटोकडे बघत हळूच घसा खाकरला.

"आमच्या फिजिक्सच्या सरांचं लावा," सृष्टी म्हणाली.

मल्लिनाथने आशेने आईकडे पाहिलं.

"लावा की," नीलाबाई म्हणाल्या. "अप्पांनी बी आपलं नाव कुठं लावू दिलं न्हाई."

साक्षीदाराच्या जागी मल्लिनाथने मुकाट्याने सही केली. उरलेल्या डांबरगोळ्याही त्याने पोरींना देऊन टाकल्या.