जावयाचं सॅलड आणि सासऱ्याचे गुडघे

"पालकाची एक जुडी आणि एक लिंबू द्या, बायकोला आठवड्यात टुणटुणीत करून दाखवतो!" असं मधुकरने सासऱ्यासमोर छाती ठोकून सांगितलं खरं, पण आपल्या घरात चमचे कुठे ठेवतात हेही त्याला ठाऊक नव्हतं!

कल्पनाला चौथा महिना लागला होता. फोडणीचा नुसता वास आला तरी तिला मळमळायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पालक कच्चाच द्या, लिंबू पिळून. पण ती घासभर खाई आणि ताट सरकवी. तेवढ्यात निपाणीहून सासरे हणमंतराव बंगळूरला जयनगरात येऊन थडकले. सोबत वळकटी, गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली आणि पक्का निर्णय!

"पोर वाळून खारीक झालीय. उद्या घेऊन जातो."

"मामा, डोहाळजेवणानंतर न्या की! आज माझ्या हातचं सॅलड तिने पोटभर खाल्लं, तर राहू द्या."

"कच्चा पाला? आमची म्हैस खाते तो. तिला वाढायला जावई लागत नाही!"

मधुकर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. त्याने पालकाचं एकेक पान पोलादी पट्टीसारखं धुतलं, पुसलं. त्यात उकडलेला बटाटा, मोडाचे मूग, भाजलेले दाणे, ओलं खोबरं. भिंतीपलीकडून शेजारच्या कानडी प्रेमाक्का डोकावल्या.

"कोसंबरी का अण्णा?"

"कोसंबरी नव्हे अक्का, सॅलड!"

"सरी, सरी, बरं. मीठ स्वल्प घाला, थोडंच."

मग वरून घालायचं पातळ मिश्रण. दाण्याचं तेल, लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि गुळाचा चांगला खडा! ते सगळं त्याने औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून मृदंग वाजवल्यासारखं हलवलं. गूळ विरघळेना, म्हणून बाटली खिडकीत उन्हाला ठेवली. तिथे एक बाटली आधीच ऊन खात उभी होती. तीही औषधाचीच, तिलाही डोसांच्या खुणांची कागदी पट्टी. लसूण आणि ओवा जाळून केलेलं हणमंतरावांचं तेल!

हणमंतराव आंघोळ करून आले, हाताला लागली ती बाटली घेऊन गुडघे चोळले आणि ओसरीवर आडवे झाले.

"बंगळूरच्या थंडीनं तेलसुद्धा चिकट झालं बघा," ते पुटपुटले.

मधुकरने उरलेली बाटली सॅलडवर मोकळी केली.

कल्पनाने नाक दाबून पहिला घास घेतला. थांबली. नाक सोडलं. मोठा श्वास घेतला.

"अगंबाई! हा तर आमच्या निपाणीच्या घरचा वास!"

आणि काय सांगावं! महिनाभर चिमणीसारखं टिपणारी पोर वाडगं पुसूनच उठली. मधुकरची छाती गोल घुमटाएवढी झाली. "मामा, येऊन बघा!"

"मीच ओरडणार होतो! अरे धावा! गुडघ्यांवर जत्रा भरलीय!"

दोन्ही गुडघ्यांवर तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. कल्पनाने पाणी ओतलं आणि वास घेतला.

"बाबा, तुमच्या गुडघ्यांवर लिंबू कोणी पिळलं?"

मधुकरने खिडकीकडे पाहिलं आणि त्याचं तोंड पालकापेक्षा हिरवं पडलं. त्याने चाचरत सगळं सांगून टाकलं. आता बायको निपाणीला जाणार, हे तो समजून चुकला.

हणमंतराव बराच वेळ गुडघे खाजवत राहिले.

"म्हणजे माझी पोर माझ्या तेलावर जेवली?"

"हो, मामा."

"वाडगं पुसून?"

"पुसून."

"मग ठरलं! ती इथेच राहील."

मधुकर पाया पडायला वाकला.

"आणि तेल करून द्यायला मीही इथेच राहतो. बाळंतपण होईतो!"

मधुकर वाकला होता तो तसाच राहिला! कल्पना मात्र महिन्याभराने खळखळून हसली, आणि ते पाहून त्यालाही बरंच वाटलं.

संध्याकाळी पिशवी घेऊन तो पालक आणायला निघाला, तर ओसरीवरून हाक आली.

"जावईबापू, लसूण जास्तच आणा. आणि ते तुमचं चिकट तेलही करा थोडं. मुंग्या सोडल्या, तर डावा गुडघा हलका झालाय!"