जाळीआईच्या मिशा

एका जंगलात, बाळांनो, जिथे रेंज फक्त वडाच्या शेंड्यावर यायची, तिथे वेणू नावाची एक ससीण राहत होती. पदरात एवढीएवढीशी पिल्लं. आणि त्याच जंगलात सिंह.

म्हणून वेणूनं मंगळवार धरले होते. “जाळीआई, माझी लेकरं सिंहाच्या नजरेला पडू देऊ नकोस. तुझं मुख पाहून उद्यापन करीन, मगच उपास सोडीन.”

जाळीआई म्हणजे करवंदीच्या जाळीतला गुळगुळीत दगड. अंगभर शेंदूर. नाक नाही, डोळे नाहीत. पण समोर बसलं की सशांना आईचे कान लांब दिसायचे, हरणांना डोळे टपोरे दिसायचे. कधी कुणाची तक्रार नव्हती.

नेमका शेवटच्या मंगळवारी वेणूचा पाय मुरगळला. जाळीपर्यंत जाणं जमेना.

शेजारची खार म्हणाली, “वेणूवहिनी, जीव का टाकताय? मी आईचा फोटो काढून आणते की!”

आणला. पण खारीचा हात कधी एका जागी राहिलाय का? फोटोत नुसता तांबडा ढग.

“अगं, ही आई आहे की टोमॅटोचं सार?”

“थांबा हो! सरडोजींकडे नेते. त्यांच्याकडे फोटोला धार लावायचं सॉफ्टवेअर आलंय.”

सरडोजी म्हणजे जंगलातले तज्ज्ञ. एक डोळा पडद्यावर, दुसरा गिऱ्हाइकावर. त्यांनी धारेची पट्टी पुढे सरकवली. ढगातून कडा निघाल्या. कडांतून नाक निघालं. नाकाखाली मिशा. मग चहूबाजूंनी आयाळ.

“अगं बाई! आईला मिशा?” खार किंचाळली.

“पट्टी जास्त सरकली असेल.” सरडोजींनी ती मागे घेतली. मिशा राहिल्याच, वर दात दिसू लागले. बंद करून पुन्हा चालू केलं. आयाळ आणखी दाट झाली. मदत केंद्राला विचारलं. तिथून उत्तर आलं, “तुमचं समाधान हाच आमचा आनंद.”

खरं तर गोष्ट साधी होती. त्या जंगलात फोटो लागायचे ते एकट्या सिंहाचे. वाढदिवसाचे, पाणवठ्याच्या उद्घाटनाचे, हरणांना शुभेच्छा देतानाचे. सॉफ्टवेअर बिचारं तेच बघत लहानाचं मोठं झालेलं. जिथे चेहरा सापडत नसे, तिथे ते ओळखीचा चेहरा बसवून मोकळं व्हायचं.

पण तज्ज्ञ माणसानं ‘कळत नाही’ म्हणायचं कसं? सरडोजींनी रंग बदलला आणि निदान केलं.

“सॉफ्टवेअर बरोबर आहे. दगडच पुसट आहे.”

बातमी सिंहापर्यंत गेली. त्यानं नम्रपणे नजर खाली वळवली. “आम्हाला कल्पना नव्हती हो. पण आईचीच इच्छा असेल, तर आम्ही कोण नाही म्हणणारे?”

लगेच सुतारपक्ष्याला कामाला लावलं. त्यानं फोटो समोर ठेवून दगड टोचला, तासला, कोरला. त्याची चोच बोथट झाली, पण देवीला धार आली. सरडोजींनी मूर्तीशेजारी फोटो धरला. “बघा! तंतोतंत. आता काही बिघाड नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इकडे बिळात खारीनं फोटो दाखवला. पिल्लं वेणूच्या पोटाखाली घुसली.

“झालं ना वहिनी मुखदर्शन? सोडा आता उपास.”

“ज्याच्यापासून वाचव म्हणून हात जोडले,” वेणू म्हणाली, “त्याच्याच तोंडापुढे कसे जोडू गं?”

ती पाण्यावर राहिली. पाय टेकवता आला तशी लंगडत जाळीपाशी गेली. दर्शनाला ही रांग! पुढे नवी मूर्ती, आणि मूर्तीला टेकून खुद्द सिंह. भक्त हात जोडायचे आणि घाबरून डोळे घट्ट मिटायचे. ही नवी पद्धत सिंहाला फार आवडली होती. नैवेद्य तो जातीनं निवडायचा. रांग पुढच्या टोकाला आखूड होत होती. पण डोळे मिटलेले, कोण बघणार?

वेणूचे डोळे उघडे होते. ती आईचं मुख शोधत होती ना! आणि तिला मूर्तीमागे पालापाचोळ्यात दगडाच्या कपच्या दिसल्या. शेंदूर अजून ओला. तिनं एक कपची अलगद तोंडात धरली आणि झुडपांखालून घर गाठलं.

“आई, हिला तर तोंडच नाही!” धाकटं पिल्लू म्हणालं.

“आहे रे सोन्या. जवळ बस. नीट बघ.”

पिल्लू बघत बसलं. बघता बघता हसलं. “कान! आई, तुझ्यासारखे कान!”

वेणूनं दूर्वा वाहिल्या, पिल्लांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उपास सोडला.

तात्पर्य : फोटो भलताच आला, तर सॉफ्टवेअरला बोल लावू नये, देवच तासून घ्यावा. फक्त कपच्या झाडून टाकायला विसरू नये, नाहीतर कुणीतरी देव घरी घेऊन जातं.